रिन्यूअलचे 30 पॉइंट झाले, पण दवाखान्यातल्या पेशंटचं बीपी कंट्रोलमध्ये आहे का, हे कसं मोजायचं?

घणसोली_जीपी

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या रजिस्ट्रेशन रिन्यूअलसाठी पाच वर्षांत लागणारे 30 क्रेडिट पॉइंट भरले आहेत. त्यातले बरेचसे बीपी-शुगरच्या सीएमईंचे (डॉक्टरांसाठीच्या शिक्षण-लेक्चरांचे). त्या लेक्चरांमुळे आपल्या पेशंटच्या बीपीत काही फरक पडला का, हे मात्र एकाही सर्टिफिकेटवरून कळत नाही. अमेरिकेत फॅमिली डॉक्टरांना सर्टिफिकेशन चालू ठेवायला स्वतःच्या प्रॅक्टिसमधली सुधारणाही मोजून दाखवावी लागते, आणि त्यासाठी हायपरटेन्शन हा विषय घेता येतो. तसं काही आपल्या गाळ्यातल्या दवाखान्यात करायचं आहे.

परिस्थिती अशी: एक खोली, बाहेर बाकडं, एक कंपाउंडर, कागदी केसपेपर, सॉफ्टवेअर नाही. ओपीडी रोज 60-70. पेशंट बहुतेक टीटीसी एमआयडीसीतल्या कारखान्यांतले शिफ्टवाले, एपीएमसी मार्केटातले माथाडी आणि त्यांच्या घरची मंडळी.

किती पेशंट धरायचे, नेमकं काय मोजायचं आणि पहिला बदल कुठे करायचा? शिवाय असल्या कामाचे कौन्सिलचे पॉइंट मिळतात का? थिअरी नको, उद्या सकाळपासून काय करायचं ते सांगा.

नौपाडा_फॅमिली_फिजिशियन

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढू. आपल्या दवाखान्यात आपणच केलेल्या ऑडिटला (म्हणजे स्वतःच्या कामाच्या मोजणीला) आपोआप पॉइंट लागत नाहीत. चार-पाच जीपींनी एकाच पद्धतीने ऑडिट केलं आणि स्थानिक असोसिएशनच्या मान्यताप्राप्त सीएमईत ते मांडलं, तर त्या सीएमईचे पॉइंट लागतील, तेवढंच. पॉइंटसाठी करायचं असेल तर हा फार लांबचा रस्ता आहे.

अमेरिकन बोर्ड ऑफ फॅमिली मेडिसिन 1969 साली स्थापन झालं आणि पहिल्यापासून त्यांनी सर्टिफिकेट मुदतीचं ठेवलं, दर सात वर्षांनी पुन्हा परीक्षा. प्रॅक्टिसमधली सुधारणा मोजण्याचा भाग नंतर जोडला गेला. त्याचा सांगाडा अगदी साधा: एक माप निवडा, आजची स्थिती लिहा, एक बदल करा, ठरलेल्या काळाने तेच माप पुन्हा घ्या. याला संगणक लागत नाही, आडवी शंभर पानी वही पुरते.

वहीत 50 पेशंट घ्या. निवड कशी करता यावर सगळं अवलंबून आहे. बीपीचं निदान होऊन सहा महिने झालेले आणि गेल्या 12 महिन्यांत एकदा तरी येऊन गेलेले पेशंट घ्यायचे. केसपेपरच्या कपाटात एका टोकापासून सुरुवात करा आणि असे 50 भरेपर्यंत एकही न गाळता लिहीत जा. "आज जे जे आले ते" असं धरू नका. नियमित येणारा पेशंट गोळीही नियमित घेतो, त्यामुळे आकडा उगाच चांगला दिसतो. फक्त बीपी वाढलेलेच निवडू नका. खूप वर गेलेलं रीडिंग पुढच्या वेळी काहीही न करता थोडं खाली येतंच, आणि ते श्रेय आपण आपल्या बदलाला देऊन मोकळे होतो.

रकाने एवढेच: केसपेपर नंबर, वय, शेवटची तारीख, त्या दिवसाचं बीपी, दुसरं रीडिंग घेतलं का, कुठल्या गोळ्या किती मिलिग्रॅम, बीपी 140/90 किंवा वर असताना त्या दिवशी औषधात बदल केला का, पुढची तारीख दिली का, वर्षभरात क्रिएटिनिन-पोटॅशियम (किडनीची रक्ततपासणी) झालं का. नाव लिहू नका. वही चार जणांना दाखवायची वेळ येणारच आहे.

आता माप. शेवटची भेट गेल्या तीन महिन्यांतली आणि त्या भेटीचं बीपी 140/90च्या खाली, असे किती? समजा 18 निघाले. तीन महिन्यांत आलेले एकूण 32 होते. 32पैकी 18 म्हणजे 56 टक्के, ऐकायला छान. पण यादी 50ची आहे आणि 50पैकी 18 म्हणजे 36 टक्के. खरा आकडा हाच. जे 18 जण फिरकलेच नाहीत त्यांचं बीपी कंट्रोलमध्ये आहे असं धरायला काही आधार नाही.

आता कंट्रोलमध्ये नसलेल्या 32 जणांची कारणांप्रमाणे वाटणी करा: (1) आलेच नाहीत; (2) आले पण गोळी घेत नव्हते; (3) रीडिंगवरच भरवसा नाही; (4) आले, गोळी घेत होते, रीडिंगही बरोबर, तरी आपण डोस तोच ठेवला. ज्या गटात सगळ्यात जास्त नावं, तिथे पहिला बदल करायचा. आपल्याकडे सीएमईत नव्या मॉलिक्यूलवर (नव्या औषधावर) दीड तास बोलतात. ही वाटणी कोणी करून दाखवत नाही, आणि बहुतेक दवाखान्यांत घोळ पहिल्या आणि चौथ्या गटातच निघतो.

कफ_आणि_गेज

वही उघडण्याआधी यंत्र आणि मोजणी तपासा, नाहीतर सगळं ऑडिट चुकीच्या आकड्यांवर उभं राहील.

एक सोपी चाचणी. गेल्या महिनाभरातली शेवटची 100 रीडिंग काढा आणि वरच्या आकड्याचा शेवटचा अंक बघा. काट्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोनच्या असतात, म्हणजे शून्यावर संपणारी रीडिंग साधारण 20 असायला हवीत. डिजिटलवर 10. साठ-सत्तर रीडिंग 130, 140, 150 अशी गोल निघाली तर ती मोजलेली नाहीत, अंदाजे लिहिलेली आहेत. डोसचा निर्णय 140वर अडतो, तिथेच हा गोलपणा सगळ्यात जास्त नडतो.

काट्याचं यंत्र दर सहा महिन्यांनी तपासून घ्या. हवा सोडल्यावर काटा शून्यावर येत नसेल तर ते लगेच बाजूला ठेवा. वाय-कनेक्टर (दोन यंत्रं एका नळीला जोडणारा जोड) लावून चांगल्या यंत्राशी 50, 100, 150, 200, 250वर ताडून बघायचं. फरक 3पेक्षा जास्त नको. डिजिटल घेणार असाल तर दंडावरचं घ्या, मनगटावरचं नको, आणि ते मॉडेल क्लिनिकली व्हॅलिडेटेड (तपासून अचूक ठरलेलं) आहे की नाही ते अशा यंत्रांच्या यादीत बघून घ्या. खोक्यावर छापलेल्या शब्दांवर जाऊ नका. नाडी अनियमित असेल, एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) असेल, तर डिजिटलवर एका रीडिंगवर थांबायचं नाही, तीन घ्यायची.

कफ. दंडाचा घेर टेपने मोजा. नेहमीचा कफ साधारण 22 ते 32 सेंटिमीटरसाठी असतो, त्यापुढे मोठा लागतो. माथाडी कामगाराचा दंड 34-35 भरला तर नवल नाही. 2023च्या एका अमेरिकी चाचणीत, मोठा कफ लागणाऱ्यांना नेहमीचा लावल्यावर वरचा आकडा सरासरी 4.8ने जास्त आला, आणि एक्स्ट्रा लार्ज लागणाऱ्यांत तब्बल 19.5ने. म्हणजे 135 असलेल्या माणसाला आपण 154 सांगून आणखी एक गोळी चढवतो. मोठा कफ विकत घ्या. या सगळ्यात त्याच्याइतकी वसूल होणारी खरेदी दुसरी नाही.

मोजणी बाहेरच्या बाकड्यावर कंपाउंडरने करायची. पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, पाय एकमेकांवर नकोत, हात टेबलावर छातीच्या उंचीला, बाही वर सरकवून घट्ट वळकटी न करता दंड मोकळा. अर्ध्या तासात चहा, तंबाखू, मशेरी, जिना नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन येऊ द्या. मोजताना कंपाउंडरने "काय काका, कुठे होतात?" विचारायचं नाही, आकडा वाढतो. पहिलं रीडिंग 140/90 किंवा वर असेल तर एक मिनिटाने दुसरं. क्लीव्हलंडच्या प्राथमिक दवाखान्यांतल्या 2018च्या अभ्यासात नुसतं पुन्हा मोजल्यावर वरचा आकडा मध्यकाने (मीडियन) 8ने खाली आला होता. नवीन पेशंटला दोन्ही हातांवर मोजा आणि पुढे जास्त येणारा हात कायम धरा. कुठला ते केसपेपरवर लिहा.

एमडी_मेडिसिन_कळवा

चौथ्या गटाबद्दल. बीपी 152/94, पेशंट म्हणतो "काल झोप झाली नाही", आपण म्हणतो "पुढच्या वेळी बघू". असं सहा वेळा होतं. यावर उपाय म्हणजे पायऱ्या आधीच ठरवून टेबलाच्या काचेखाली लावणं, म्हणजे दर वेळी नव्याने विचार करावा लागत नाही. उदाहरणार्थ: ॲम्लोडिपिन 5 मिलिग्रॅम, महिन्याने 140/90 किंवा वर तर टेल्मिसार्टन 40 जोडा, पुन्हा वर तर टेल्मिसार्टन 80, पुन्हा वर तर क्लोरथॅलिडोन 12.5. सुरुवातीलाच 160/100 किंवा वर असेल तर दोन औषधांनी सुरुवात. त्या दिवशी डोस वाढवला नाही तर का नाही, हे केसपेपरवर एका ओळीत लिहायचंच. नुसत्या या सक्तीने बरंच हलतं.

डोस वाढवण्यापूर्वी तीन प्रश्न: गेल्या चार दिवसांत गोळी किती वेळा चुकली, गुडघ्यासाठी किंवा कंबरेसाठी डायक्लोफिनॅकसारखं काही चालू आहे का, आणि सर्दीची गोळी किंवा खोकल्याला ज्येष्ठमध चालू आहे का. ज्येष्ठमध रोज आणि भरपूर घेतलं तर बीपी वाढवतं आणि पोटॅशियम खाली आणतं. वेदनाशामकांचं तर विचारूच नका, ओझी उचलणाऱ्यांत ही गोळी केमिस्टकडून परस्पर चालू असते. मिठाचा प्रश्न "मीठ कमी खाता ना?" असा विचारला तर उत्तर "हो" येणार. लोणचं, पापड, फरसाण, सुकट, खारवलेला बोंबील, असं एकेक नाव घेऊन विचारा. आणि उपासाचं सैंधव म्हणजेही सोडियमच.

टेल्मिसार्टन सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन आणि पोटॅशियम. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून बंद करू नका. पोटॅशियम 5.5च्या वर गेलं तर मात्र डोस कमी किंवा बंद, आणि कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठ खातात का ते विचारा, त्यात पोटॅशियम असतं. क्लोरथॅलिडोनवर वयस्क बाईंना चक्कर आली, गोंधळल्यासारखं झालं, तर आधी सोडियम बघा. मूल होण्याच्या वयातल्या बाईला टेल्मिसार्टन लिहिण्याआधी पाळीची तारीख आणि मूल हवं आहे का, हे विचारणं टाळू नये. गरोदरपणात ते चालत नाही, तिथे लॅबेटालॉल, मिथिलडोपा किंवा लांब परिणामाची निफेडिपिन. टेल्मिसार्टन आणि रॅमिप्रिल एकत्र नको. दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांच्या फाइलमध्ये ही जोडी हमखास सापडते.

एका बाबतीत वरच्या डॉक्टरांशी थोडा मतभेद. 140/90ची टक्केवारी हेच ध्येय झालं की वहीत 138/88 फार दिसायला लागतात. म्हणून वर जी शेवटच्या अंकाची चाचणी सांगितली आहे ती ऑडिटच्या शेवटीही करा. हार्ट अटॅक, स्ट्रोक किंवा किडनीचा त्रास असलेल्यांना आणि डायबेटिसवाल्यांना 140वर थांबून चालत नाही, वरचा आकडा 130च्या खाली हवा. त्यांच्यासाठी वेगळा रकाना करा. उलट 75-80च्या आजोबांना आकड्यामागे लागून पाडू नका. उभं करून एक आणि तीन मिनिटांनी मोजा, वरचा 20ने किंवा खालचा 10ने उतरला तर औषध वाढवण्याआधी थांबा.

आणि 190/110 दिसलं, छातीत दुखत नाही, धाप नाही, हातापायात जोर आहे, बोलणं-दिसणं ठीक, तर जिभेखाली निफेडिपिन फोडून देऊ नका. ही सवय अजून आहे. बीपी एकदम पडून त्यातूनच स्ट्रोक होऊ शकतो. बसवा, पुन्हा मोजा, नेहमीची गोळी चुकली असेल तर ती द्या, काही दिवसांतच परत बोलवा. लक्षणं असतील तर मात्र दवाखान्यात वेळ न घालवता हॉस्पिटलला.

फार्मसी_वाशी

केमिस्टच्या काउंटरवर दिसणाऱ्या गोष्टी, ज्या केसपेपरवर कधीच येत नाहीत:

स्ट्रिपचा हिशोब जुळत नाही. एक गोळी 10च्या स्ट्रिपमध्ये, दुसरी 14 किंवा 15च्या. पेशंट "एक-एक पत्ता द्या" म्हणतो. दहाची दहाव्या दिवशी संपते, दुसरी चालू राहते, आणि पेशंटच्या हिशोबाने "गोळी चालू आहे". चिठ्ठीवर पत्ते न लिहिता "30 दिवस, 30 गोळ्या" लिहा. शक्य तिथे दोन औषधांची एकच गोळी द्या.

ब्रँडच्या नावाच्या शेपटातली अक्षरं. एएम म्हणजे ॲम्लोडिपिन जोडलेलं, एच म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड, सीटी बहुधा क्लोरथॅलिडोन. ब्रँड बदलताना एकाच्या जागी दुसरं जातं. चिठ्ठीवर जेनेरिक नाव आणि मिलिग्रॅम लिहा. एस-ॲम्लोडिपिन 2.5 आणि ॲम्लोडिपिन 5 साधारण सारखे आहेत, हे माहीत नसल्याने कोणी डोस अर्धा करतं, कोणी दुप्पट.

टेल्मिसार्टन हवेतला ओलावा धरतं. आठवड्याच्या प्लास्टिकच्या डबीत गोळ्या आधीच फोडून ठेवायची पद्धत याला चालत नाही, आपल्याकडच्या पावसाळ्यात तर नाहीच. पत्त्यातून काढायची ती घ्यायच्या वेळीच.

घणसोली_जीपी

सगळ्यांचे आभार. काल कपाटातून पहिल्या 50ची यादी काढली, वाटणी केली. पहिला गट सगळ्यात मोठा: येतच नाहीत. त्यातही श्रावण ते गणपती आणि मे महिना या दोन काळात गळती जास्त दिसते, लोक गावी जातात. दुसरं, रात्रपाळीवाल्यांनी गोळी कधी घ्यायची आणि त्यांचं बीपी कधी मोजायचं?

एमडी_मेडिसिन_कळवा

रात्रपाळीचं सोपं आहे. ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन दोन्ही लांब टिकणारी औषधं. सकाळी की रात्री, याने हार्ट अटॅक-स्ट्रोकमध्ये फरक पडत नाही, हे 2022च्या 'टाइम' नावाच्या ब्रिटिश ट्रायलने दाखवलं. घड्याळाऐवजी एखाद्या रोजच्या कामाशी बांधा: झोपून उठल्यावर दात घासले की गोळी, मग उठणं सकाळचं असो की दुपारचं. रात्रपाळी संपवून थेट दवाखान्यात आलेल्याच्या रीडिंगवर डोस ठरवू नका, झोप झाल्यावर बोलवा. शंका असेल तर घरी सात दिवस, उठल्यावर दोन आणि झोपण्यापूर्वी दोन रीडिंग, पहिला दिवस सोडून सरासरी. घरच्या मापात 135/85 म्हणजे वाढलेलं.

नागरी_आरोग्य_केंद्र_एमओ

गळतीवर सरकारी बाजूने काय केलं जातं ते सांगते. 2017च्या अखेरीस सुरू झालेल्या इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्हमध्ये महाराष्ट्र पहिल्या पाच राज्यांत होता. त्यातल्या तीन गोष्टी खासगी दवाखान्यात जशाच्या तशा उचलता येतात: सगळ्यांना एकच लिहिलेला औषधक्रम, निदान एक महिन्याची गोळी एका वेळी, आणि तारीख चुकलेल्यांची यादी.

यादीसाठी वर्षाच्या तारखांची वेगळी वही नको. 31 कप्प्यांचा खोका किंवा 31 रबरबँडचे गठ्ठे करा. पेशंटचं कार्ड पुढच्या तारखेच्या कप्प्यात जातं. आला की उचलून नव्या तारखेला. संध्याकाळी दवाखाना बंद करताना आजच्या कप्प्यात जी कार्डं उरली ती चुकलेली. एक आठवडा वाट बघायची आणि मग कंपाउंडरने फोन करायचा. तारीख एक महिन्याच्या पुढची असेल तर कार्डाच्या कोपऱ्यावर महिना लिहायचा, नाहीतर कार्ड चुकीच्या महिन्यात वर येतं.

फोनवर आजाराचं नाव घ्यायचं नाही, फोन बहुतेकदा घरातलं दुसरं कोणीतरी उचलतं. "दवाखान्यातून बोलतोय, तुमच्या तपासणीची तारीख होऊन गेली, या आठवड्यात जमेल का?" एवढंच. "आम्ही दुसरीकडे दाखवतो" म्हणाले तर कार्डावर लिहा, नंबर बंद असेल तर तेही लिहा. या दोघांना यादीतून काढू नका, वेगळी खूण करा. फोन करायची परवानगी आणि नंबर नोंदणीच्या वेळीच घेऊन ठेवा. पैशाचा प्रश्न असेल तर जवळच्या नागरी आरोग्य केंद्राकडे किंवा सरकारी 'आपला दवाखाना'कडे पाठवा. पेशंट आपल्या दवाखान्यातून गेला तरी चालेल, गोळी थांबायला नको.

गणपतीचं: चतुर्थीच्या तीन-चार आठवडे आधी ज्यांची तारीख येते त्या सगळ्यांना "गावी कधी निघणार?" विचारायचं, आणि बीपी कंट्रोलमध्ये असेल तर 60 दिवसांची गोळी लिहायची. कार्डावर जेनेरिक नाव असलं की सावंतवाडी-चिपळूणच्या केमिस्टकडेही तीच गोळी मिळते. परतीनंतरची तारीख निघण्यापूर्वीच द्यायची. नुकताच डोस बदललेल्यांना मात्र 60 दिवस देऊ नका. श्रावणात गोळीने उपास "मोडतो" म्हणून ती सोडणाऱ्यांना, गोळी पाण्याबरोबर उपाशीपोटी चालते, हे आपणहून सांगा. विचारत कोणी नाही, सोडून मोकळे होतात.

नौपाडा_फॅमिली_फिजिशियन

गळती मोठी आहे म्हणजे पहिला बदल ठरला: कप्पे आणि फोन. यासोबत काचेखालचा औषधांचा तक्ता, आहाराचा कागद असं सगळं एकदम सुरू करू नका. सहा महिन्यांनी आकडा हलला तर कशामुळे हलला ते कळणार नाही. मोजणी सुधारणं (नव्या कफसकट) मात्र आधीच उरका, आणि ती सुधारल्यानंतरच सुरुवातीचा आकडा लिहा. नाहीतर दुसऱ्या रीडिंगमुळे खाली आलेला आकडा तुम्ही फोनच्या खात्यात टाकाल.

पुन्हा मोजताना याच 50 जणांची यादी. कोणी वारलं किंवा कायमचं गाव गाठलं तर ते लिहून वगळा. बाकी सगळे हिशोबात. एक खाच ध्यानात ठेवा. थंडीत बीपी थोडं वर असतं, उन्हाळ्यात खाली. जानेवारीत सुरुवात करून मे महिन्यात मोजलंत तर काही न करता सुधारणा दिसेल. त्यात मे महिन्यात निम्मे गावी. जूनच्या मध्यावर सुरुवात, डिसेंबरात मधली मोजणी आणि पुढच्या जूनमध्ये पक्की, असा हिशोब ठेवा.

आणि 50च्या यादीत 36 टक्के म्हणजे दोन्ही बाजूंनी साधारण 13 टक्क्यांचा निव्वळ योगायोगाचा खेळ असतो. 36चे 42 झाले तर त्यावर सीएमईत स्लाइड करू नका. पाच दवाखाने मिळून 250 पेशंट झाले तर हा खेळ 6 टक्क्यांवर येतो. घणसोली-कोपरखैरणे-ऐरोली पट्ट्यात आणखी चार जण तयार असतील तर रकाने हेच ठेवा, एकानेही बदलू नका. कोणाकडे सिस्टोलिक (वरचा आकडा) वेगळं, कोणाकडे "बीपी नॉर्मल" असं लिहिलेलं असलं की पुढे काहीच जोडता येत नाही.